आजींची वर्गशिक्षिका कोण?

नागपुरातल्या जुन्या माणसांना ‘जन्म कुठला?’ असे विचारले तर पुष्कळदा गावाचे नाव येतच नाही. ‘मातृसेवा संघातला’ असे उत्तर येते! सीताबर्डीची शाखा की महालातली, एवढाच काय तो फरक. माझ्या ओळखीत अशी घरे आहेत, जिथे सासू, सून आणि नातसून तिघींची बाळंतपणे तिथेच झाली. पण याच संस्थेचा उमरेड रोडवर ‘पंचवटी’ नावाचा वृद्धाश्रम आहे आणि बजाजनगरात समाजकार्याचे महाविद्यालयही आहे, असे सांगितले की बऱ्याच जणी ‘हो का? आम्हाला नव्हतं माहीत’ म्हणतात.

जन्म, म्हातारपण, आणि या दोन्हींची देखभाल कशी करावी हे शिकवणारी संस्था, अशी तिन्ही कामे एकाच झाडाला लागलेली. मला त्याचे फार दिवस कुतूहल होते.

कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोघींनी १९२१ साली मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताईंचा जन्म १८९६ चा. कोवळ्या वयात वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला माजघराचा कोपरा आणि दुसऱ्यांची उष्टी-खरकटी यापलीकडे फारसे काही यायचे नाही. कमलाताईंनी मात्र नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. सुईणीचे काम म्हणजे हलके काम, पांढरपेशा घरातल्या बाईने ते करायचे नाही, अशी समजूत असण्याचा तो काळ! बाळंतपणे घरातल्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत व्हायची आणि त्यात किती जणी जायच्या त्याची नोंदसुद्धा कोणी ठेवत नसे. त्यांनी बायकांना स्वच्छ खाट दिली, शिकलेल्या परिचारिका तयार केल्या, विदर्भात ठिकठिकाणी शाखा काढल्या. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९८१ साली त्या गेल्या.

इस्पितळे पुष्कळांनी काढली. संघाचे वेगळेपण मला १९५८ सालच्या गोष्टीत दिसते. त्या वर्षी संघाने नागपुरात समाजकार्य शिकवणारी संस्था सुरू केली. खाट आणि औषध दिले की काम संपले, असे मानणाऱ्यांना हे सुचले नसते. बाळंतीण घरी गेल्यावर तिला दूध मिळते का, नवरा पितो का, घरात पाणी कुठून येते, हे विचारणारे माणूसही शिकवून तयार करावे लागते. दया असली म्हणजे ते आपोआप जमते असे नाही.

आता मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून मला शाळेतलाच दाखला सुचतो. आमच्याकडे आठवीच्या वर्गाला सात जण शिकवतात. गणिताच्या सरांना पोराचे गणित कळते, मराठीच्या बाईंना त्याचे शुद्धलेखन. पण ‘हा गेले आठ दिवस डबा आणत नाही’ हे ज्याला कळते तो वर्गशिक्षक. त्याला गणित येत नसले तरी चालेल, पोर पुरते ठाऊक असले पाहिजे.

म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत आपल्याकडे विषयशिक्षक भरपूर झाले आहेत. हृदयाचे डॉक्टर निराळे, गुडघ्यांचे निराळे, डोळ्यांचे निराळे, झोपेच्या गोळीची चिठ्ठी देणारे आणखी निराळे. बँकेचे काम मुलगा बघतो, पथ्य सून बघते, देवळात नेणे नातवाकडे, आणि पुण्याची नणंद किंवा अमेरिकेतला दीर दर रविवारी व्हिडिओवरून सगळ्यांना सूचना करतात. प्रेम कोणाचे कमी नसते, बरं का! पण वर्गशिक्षक कोण, असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आमच्याच गल्लीतल्या एका काकूंची हकीगत सांगते. वय शहात्तर, पण स्वतःचे कपडे स्वतः धुणाऱ्या, दुपारी पेपरातले शब्दकोडे सोडवणाऱ्या. मे महिन्यात, नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना, त्यांचे बोलणे असंबद्ध होऊ लागले. सुनेला त्या ‘वहिनी’ म्हणू लागल्या, तोल जायला लागला, एका रात्री दार उघडून रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. घरचे घाबरले. आठवड्याभरात सगळ्या गल्लीने निदान करून टाकले, म्हातारचळ लागला म्हणून. घरात दोघेही नोकरी करणारे. कुठल्या तरी आश्रमात ठेवावे लागेल, अशी कुजबूज सुरू झाली, आणि ती काकूंच्या कानावर पडत नव्हती असे नाही.

मग त्या पडल्याच. मनगट मोडले म्हणून दवाखान्यात न्यावे लागले. तिथे प्लॅस्टर झाले, घरी जा म्हणाले. पण त्या दवाखान्यात समाजकार्याची एक विद्यार्थिनी कामाच्या अनुभवासाठी येत असे. लहानशी मुलगी, खांद्याला कापडी पिशवी. तिने काकूंच्या सुनेला बाजूला बसवून विचारले, ‘आजी याआधी कधी पडल्या होत्या? जेवण काय असते? पाणी किती पितात? आणि ताई, घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून घेऊन याल का? जुन्यासुद्धा.’

पिशवी आली. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळीची दोन पाकिटे निघाली. नावे वेगळी, रंग वेगळा, आतले औषध एकच. एक नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी पायावर सूज आली म्हणून दुसरीकडे दाखवले तेव्हाची. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नाही. त्यात ‘मीठ कमी करा’ हा सल्ला सुनेने इतका मनापासून पाळला होता की काकूंची भाजी जवळजवळ अळणी असे. वर उन्हाळ्याचा घाम. त्या मुलीने पिशवी उचलून डॉक्टरांपुढे ठेवली. रक्त तपासले, तर सोडियम फार खाली गेलेले. चार दिवस उपचार झाले, एक गोळी बंद झाली, आणि पाचव्या दिवशी काकूंनी सुनेला तिच्या नावाने हाक मारली.

‘सगळेच आपापलं बरोबर करून राहिले होते जी,’ काकूंचा मुलगा नंतर म्हणाला, ‘पण कोणालाच कोणाचं माहीत नव्हतं.’

त्या मुलीने रोग ओळखला नाही, ते काम डॉक्टरांचेच होते. तिने चार ठिकाणची माहिती एका टेबलावर आणली. समाजकार्यातले पुढारपण म्हणतात ते मला यात दिसते. पुढारी म्हटला की आपल्याला हार-तुरे आणि माईक आठवतो, आणि इथे पिशवी घेऊन डॉक्टरांच्या दाराशी उभे राहण्याचा चिवटपणा लागतो. (एक सांगून ठेवते: हे वाचून कोणी सासूबाईंच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. पिशवी डॉक्टरांपुढे ठेवायची, निर्णय त्यांचा.)

रुग्णालयात असे माणूस ठेवण्याची कल्पना नवी नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ साली मेरी स्टुअर्ट नावाच्या बाईंची नेमणूक झाली होती, रोग्याच्या घरची स्थिती विचारण्यासाठी. आपल्याकडे १९३६ मध्ये मुंबईत टाटांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले, १९४६ साली जे. जे. रुग्णालयात पहिले वैद्यकीय समाजसेवकाचे पद आले, आणि बारा वर्षांनी नागपूरला आपली संस्था निघाली. म्हणजे वाट जुनी आहे, वर्दळ कमी.

सरकारी योजनांचेही थोडेफार तसेच. योजना नाहीत असे मुळीच नाही. श्रावणबाळ योजनेचे मासिक अर्थसाहाय्य आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. ‘सांभाळशील’ या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला, २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांकही आहे. मात्र प्रत्येकाचे टेबल वेगळे, कागद वेगळे. गुडघे दुखणाऱ्या, कमी दिसणाऱ्या माणसाने ही टेबले हिंडावीत अशी अपेक्षा! ज्यांच्या घरी फिरणारे कोणी आहे त्यांनाच त्या मिळतात, आणि ज्यांना कोणी नाही त्यांचीच गरज मोठी.

याला उपाय निघू शकतो हे केरळने दाखवले आहे. कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी १९९३ साली दुर्धर आजाराच्या रोग्यांच्या वेदना कमी करण्यासाठी संस्था काढली. थोड्याच वर्षांत त्यांच्या लक्षात आले, की दवाखान्यात बसून भागत नाही. मग गल्लीगल्लीतल्या माणसांना, दुकानदार, शिक्षक, घरी असणाऱ्या बायका, कोणीही असो, थोडके शिक्षण देऊन घरोघर पाठवायला सुरुवात झाली. आजारी माणसाकडे नेमाने जायचे, काय हवे-नको बघायचे, आणि गरज दिसली की परिचारिकेला, तिच्यामार्फत डॉक्टरांना कळवायचे. २००८ साली केरळ सरकारने हेच आपले धोरण म्हणून जाहीर केले. भारतात असे करणारे ते पहिले राज्य. यात महागडे यंत्र कुठलेच नाही. आपल्या नागपुरात भजनी मंडळे आहेत, भिशी आहे, ज्येष्ठ नागरिक मंडळे आहेत, हळदीकुंकवाला शंभर बायका जमतात. निदान आठवड्यातून एकदा जाऊन यायला माणसे कमी पडू नयेत.

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच डोळ्यांना पदर लागतो. मला ते पटत नाही. मूलबाळ नसलेली, किंवा असूनही दूर गेलेली माणसे असतात, त्यांना वेळेवर जेवण, औषध आणि बोलायला सोबत मिळत असेल तर त्यात लाज कसली? उलट मोठ्या बंगल्यात, दिवसभर बाहेरून कुलूप, टेबलावर झाकलेले ताट, असेही म्हातारपण मी पाहिले आहे. आश्रम की घर, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आधी विचारायचे ते, सगळे धागे कोणाच्या हातात आहेत?

बहुतेक घरांत ते सुनेच्या नाहीतर लेकीच्या हातात असतात, पण कोणी तसे म्हणत नाही. जबाबदारी तिची, निर्णय इतरांचा आणि पैसा तिसऱ्याच्या खिशात. वर्गशिक्षिकेला हजेरीपटच दिला नाही तर ती वर्ग कसा सांभाळणार? म्हणून माझे म्हणणे असे, की एकदा सगळ्यांनी बसावे. पुण्याच्या नणंदेलाही फोनवर घ्यावे. आणि जिच्याकडे काम द्यायचे तिचे नाव स्पष्ट घ्यावे, दरमहा खर्चाची रक्कम तिच्या हाती द्यावी, आणि रविवारच्या सूचना बंद करून महिन्यातले दोन दिवस तिला सुट्टी मिळेल अशी पाळी लावावी. या बैठकीत आजी-आजोबांना बसवायला मात्र विसरू नये. त्यांच्याविषयीचे सगळे त्यांच्या पाठीमागे ठरवायची आपल्याला फार वाईट खोड आहे.

मग एक दोनशे पानी वही करावी. पहिल्या पानावर वय, आजार, कशाचे वावडे आहे ते, रक्तगट, आणि रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर. पुढे गोळ्या. पाकिटावर मोठ्या अक्षरात असते ते नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात असते ते औषधाचे खरे नाव, दोन्ही उतरवावीत. काकूंच्या घरची चूक या बारीक अक्षरांतच दडलेली होती. मग कुठल्या डॉक्टरांनी कधी काय सांगितले ते तारखेसह. कधी पडल्या, जेवण कधी तुटले, झोप कधी उडाली. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर. दवाखान्यातून घरी सोडताना ‘आता कधी दाखवायचे’ एवढेच न विचारता, रात्री बाथरूमला कोण नेणार, जिना चढता येईल का, टाके कोण बघणार, हेही तिथल्या तिथे विचारून लिहून घ्यावे. घरी आल्यावर आठवते, तोवर डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात गेलेले असतात.

आणि हे सगळे एकटीने ओढायचे नाही. सरकारी मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असे पद असते. त्यांची खोली बहुधा एखाद्या कोपऱ्यात असते, म्हणून विचारत जावे लागते. धर्मादाय संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्याची चौकशीही पैसे भरण्याच्या खिडकीवर करण्याआधी तिथल्या समाजसेवकांकडे करावी. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड आणि ती वही घेऊन सकाळी लवकर गेलेले बरे, दुपारनंतर गर्दी होते.