सातबाऱ्यावरील ‘आकार’ : इंदापूरच्या मोजणीची हकीकत

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘आकार’ म्हणून जी रक्कम लिहिलेली असते, ती ठरविण्याची रीत कोठून आली, हा प्रश्न आपल्या शेतकरी बंधूंस क्वचितच पडतो. तिचें मूळ पाहावयाचें तर पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, इंदापूर तालुक्यांत गेलें पाहिजे.

एका अंगास भीमा, दुसऱ्या अंगास नीरा, आणि नीरा-नरसिंहपुरास दोहोंचा संगम; तथापि हा मुलूख अवर्षणाचा. नदीकांठीं काळी जमीन, मधल्या माळावर मुरमाड व बरड.

पेशवाई १८१८ त संपल्यावर प्रिंगल साहेबांनीं दख्खनची पहिली मोजणी केली. शेताच्या निव्वळ उत्पन्नापैकीं शेंकडा ५५ सरकारचे, हें त्यांचें सूत्र. परंतु मोजणींत चुका फार, हाताखालीं लांचखोरी, आणि धान्याचे भाव उतरलेले. बाकी थकली, शेतें ओस पडलीं, कित्येक कुणबी गांव सोडून गेले.

तेव्हां १८३५-३६ मध्यें गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनीं इंदापुरांत नवी रीत घातली. उत्पन्नाचा अंदाज सोडून त्यांनीं मातीच पाहिली. मातीची खोली, पोत व रंग पाहावा. चुनखडी, वाळू, उतार हे दोष वजा करावे. आणि सोळा आण्यांपासून खालीं प्रत लावावी. पावणेदोन हात खोल उत्तम काळी, ती सोळा आणे. प्रत्येक शेतास नंबर, हद्दीस दगड, व सारा तीस वर्षें कायम. पडीक जमिनी पुन्हा वहितीस आल्या. १८४७ च्या संयुक्त अहवालांत या पद्धतीचे नियम एकत्र बांधले गेले.

एक उणीव मात्र राहिली. मातीची खोली मोजली, पण दरसालच्या पावसाचें काय? पिको वा न पिको, सारा रोखीनें भरणें भाग. आणि नंबर पडलेलें, विकतां येणारें शेत हेंच सावकारास उत्तम तारण झालें. १२ मे १८७५ रोजीं तेव्हांच्या भीमथडी तालुक्यांत, सुपें येथें दंगा उसळला, त्यांत लोकांचा रोख सावकाराच्या खतपत्रांवर होता. १८७९ त कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला.

आज नीरेचा डावा कालवा व उजनीचा जलाशय यांमुळें त्याच तालुक्यांत ऊस उभा आहे. तात्पर्य, आकाराच्या मुळाशीं मातीची प्रत आहे, पाण्याची शाश्वति नव्हे. म्हणून जमीन घेतांना केवळ आकारावर विसंबूं नये. हद्दीचे दगड नकाशाशीं ताडावे, हातभर खणून माती पाहावी, आणि विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत पाहून मगच सौदा करावा.