अळूची लावणी आणि गणिताचा तास

हवाई बेटांवर अळू पिकवतात तो मुख्यतः कंदासाठी. कंद शिजवून दगडाने कुटायचा आणि त्याची जांभळट, चिकट ‘पोई’ करायची. फदफद्यावर वाढलेल्या जिभेला ती पहिल्या घासाला रुचेलच असं नाही. पण तिथल्या पुराणकथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ. मृत जन्मलेलं पहिलं बाळ जिथे पुरलं, तिथे तो उगवला. म्हणून सरकारी शाळेतली मुलं चिखलात उतरून अळू लावतात, तेव्हा त्या तासाला निव्वळ कार्यानुभव म्हणता येत नाही.

अशा तासांना हवाई राज्याच्या घटनेचा आधार आहे. १८९३मध्ये हवाईची राणी लिलिउओकलानी हिची सत्ता उलथवली गेली. १८९६मध्ये नव्या राजवटीने इंग्रजी हेच शिक्षणाचं माध्यम ठरवलं. हवाइयन माध्यमाच्या शाळा आधीच आटत चालल्या होत्या, कायद्याने त्या संपवल्या. वर्गात हवाइयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली, आणि घरच्यांनीही नातवंडांशी इंग्रजीच बरी असं ठरवलं. पुढे १९७८च्या घटनादुरुस्तीने हवाइयनला इंग्रजीच्या जोडीने राजभाषा केलं आणि तिथली भाषा, संस्कृती, इतिहास सार्वजनिक शाळांत शिकवणं राज्यावर बंधनकारक झालं.

सुरुवात सोप्या बाजूने झाली. १९८०पासून गावातले जाणते आजी-आजोबा वर्गात येऊन गाणी, हुला नृत्य, चार शब्द शिकवू लागले. चांगलंच झालं. पण अशा तासांनी भाषा बोलती होत नाही. आपल्या गॅदरिंगमध्ये तारपा नाच बसवला म्हणून शाळेत वारली बोलली जात नाही, तसंच.

हे ओळखून लॅरी किमुरा, विल्यम विल्सन, काउआनोए कामाना यांच्यासारख्या भाषाप्रेमींनी १९८३मध्ये ‘पूनाना लेओ’ ही संस्था काढली. न्यूझीलंडच्या माओरींनी वर्षभरापूर्वीच मातृभाषेतल्या बालवाड्या सुरू केल्या होत्या, त्यांचा धडा समोर होता. पहिली बालवाडी १९८४मध्ये काउआई बेटावर केकाहा इथे भरली. तिथे सगळं हवाइयनमध्येच, अगदी रुसणं आणि भांडणंसुद्धा! पण ही मुलं पहिलीत कुठे जाणार? १८९६चं कलम अजून जिवंत होतं. पालकांनी आमदारांचा पिच्छा पुरवला, १९८६मध्ये कायदा बदलून घेतला, आणि १९८७मध्ये दोन सरकारी शाळांत हवाइयन माध्यमाचे वर्ग उघडले. पुस्तकं नव्हती. मग इंग्रजी गोष्टींचं भाषांतर करून छापील मजकुरावर हवाइयन पट्ट्या चिकटवल्या गेल्या. गणित, विज्ञान हवाइयनमधून, इंग्रजी हा विषय थेट पाचवीत. १९९९मध्ये या वाटेने आलेली पहिली मुलं बारावी झाली.

खरी कसोटी पुढेच होती. लानाई या छोट्या बेटावर हवाइयन माध्यमाचा वर्ग नव्हता, म्हणून एक आई न्यायालयात गेली. नेहमीच्या अभ्यासक्रमात हवाईची संस्कृती आणि थोडी भाषा शिकवतोच की, असा सरकारचा पवित्रा होता. २०१९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. घटनेचा हेतू भाषा पुन्हा जिवंत करण्याचा आहे, तेव्हा त्या माध्यमाचं शिक्षण मिळावं म्हणून राज्याने सर्व वाजवी प्रयत्न करायलाच हवेत, असा निकाल दिला. मला हा निकाल साऱ्या चळवळीचं सार वाटतो, कारण परिचय करून देणं आणि शिकवणं यांतला फरक त्याने कायद्यात नोंदवला. शिक्षक मात्र निकालाने तयार होत नाहीत. हवाइयनमधून भूमिती शिकवू शकणारी माणसं अजून मोजकीच आहेत.