विमानदुरुस्तीचे बदललेले नियम आणि आपली मुले

गेल्या कोजागिरीला मंडळातल्या एका भगिनींनी आम्हाला विचारले, "मुलगा बारावी सायन्सला आहे. विमानदुरुस्तीचा कोर्स करायचा म्हणतो. तुम्ही बँकेत होतात, सांगा, कर्ज काढावे का?" उत्तर देण्याआधी या धंद्याचे नियम कसे बदलले ते पाहू.

पूर्वी आपल्या विमान कंपन्या मोठ्या दुरुस्तीसाठी विमाने आणि इंजिने सिंगापूर, दुबईकडे पाठवत. त्याचे एक कारण कर हे होते. देशात दुरुस्ती केली की १८ टक्के जीएसटी लागे. १ एप्रिल २०२० पासून तो ५ टक्के झाला.

पण अर्धेच काम झाले. परदेशातून येणाऱ्या सुट्या भागांवर ५, १२, १८, काहींवर २८ टक्के असा वेगवेगळा कर तसाच राहिला. सोपा हिशेब करू. कॉकपिटमधली उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपने १० लाखांचे भाग आणले. १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार भरले. दुरुस्तीचे बिल १५ लाखांचे झाले, त्यावर ५ टक्क्यांनी वसूल झाले ७५ हजार. उरलेले १ लाख ५ हजार अडकले. असे दर कामात होऊ लागले, की छोट्या धंद्याचे खेळते भांडवल आटते. १५ जुलै २०२४ पासून, ठरावीक अटींवर, सर्व भागांना, तपासणी यंत्रांना व हत्यारांना एकच ५ टक्के दर लागू झाला. आता त्याच भागांवर ५० हजार भरावे लागतात आणि ते ७५ हजारांत वळते होतात.

त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात आणखी एक सवलत मिळाली. दुरुस्तीसाठी परदेशातून आणलेली वस्तू परत पाठवण्याची मुदत सहा महिन्यांवरून एक वर्ष झाली. एखादा भाग मिळायला उशीर झाला तरी आता धडकी भरत नाही.

जागेचा प्रश्नही होता. विमानतळ प्राधिकरण जमीन तीन ते पाच वर्षांसाठीच देई. एवढ्या भाडेपट्ट्यावर हँगरसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज कोणती बँक देईल? सप्टेंबर २०२१ च्या धोरणाने ही मुदत ३० वर्षे केली आणि प्राधिकरणाची रॉयल्टीही काढून टाकली.

परिणाम आपल्या हैदराबादेतच दिसतो. शमशाबादला विमानदुरुस्तीचे हँगर आहेतच. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे फ्रान्सच्या साफ्रान कंपनीच्या लीप इंजिन दुरुस्ती केंद्राचे उद्घाटन झाले.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येऊ. काम वाढते आहे, पण कॉलेजचे प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे. लायसन्स नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देते. त्यासाठी त्यांच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव, दोन्ही लागतात. इंजिन व सांगाड्याच्या कामासाठी बी-१, तर एव्हिऑनिक्ससाठी, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी, बी-२ हा वर्ग असतो. संस्थेला डीजीसीएची सीएआर-१४७ मान्यता आहे का, कोणत्या वर्गासाठी आहे आणि ती चालू आहे का, हे डीजीसीएच्या यादीत स्वतः पाहावे. आमच्या नोकरीच्या काळात एका कुटुंबाने फी भरल्यावर कळले, की संस्थेला मान्यताच नव्हती. कर्ज मात्र फेडावेच लागले.

म्हणून आमचे उत्तर असे: कर्ज जरूर काढा, पण आधी मान्यता तपासा, मगच अर्जावर सही करा.