फोटॉनची ऊर्जा आणि प्रकाशाची वारंवारता

प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा त्याच्या वारंवारतेवरच ठरते. दिवा प्रखर केला तर दर सेकंदाला बाहेर पडणाऱ्या फोटॉनांची संख्या वाढते, एकेका फोटॉनची ऊर्जा मात्र तेवढीच राहते. वारंवारतेला प्लांकच्या स्थिरांकाने गुणले की ती ऊर्जा मिळते. वारंवारता दुप्पट झाली की ऊर्जाही दुप्पट होते. तरंगलांबी दुप्पट झाली, तर ती निम्मी होते.

या नात्याचा उगम तापलेल्या वस्तूंच्या प्रकाशात आहे. जुन्या सिद्धांतानुसार अशा वस्तूने उच्च वारंवारतेला अमर्याद ऊर्जा बाहेर टाकायला हवी होती. प्रत्यक्षात तसे घडत नव्हते. १४ डिसेंबर १९०० रोजी माक्स प्लांक यांनी बर्लिनमध्ये यावर उपाय मांडला. पदार्थातील आंदोलक ऊर्जेची देवघेव ठरावीक पुंजांनीच करतात आणि पुंजाचा आकार वारंवारतेच्या प्रमाणात असतो, असे त्यांनी गृहीत धरले. उच्च वारंवारतेचा पुंज एवढा मोठा असतो की उष्णतेतून तो क्वचितच जमतो. म्हणूनच तिथे प्रारण घटते.

१९०५ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन एक पाऊल पुढे गेले. प्रकाश स्वतःच पुंजांच्या रूपात वावरतो, असे त्यांनी सुचवले. धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांची कमाल ऊर्जा प्रकाशाच्या तीव्रतेने बदलत नाही, हे फिलिप लेनार्ड यांना १९०२ मध्ये आढळले होते. आइन्स्टाइन यांच्या कल्पनेने त्याचा उलगडा झाला. सोडियममधून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. तांबड्या प्रकाशाच्या फोटॉनकडे ती १.८ च्या आसपास असते, त्यामुळे झोत कितीही प्रखर असला तरी इलेक्ट्रॉन सुटत नाही. जांभळ्याकडे सुमारे ३.१ असते. तिथे अगदी मंद प्रकाशही पुरतो आणि उरलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनला गती देते.

रॉबर्ट मिलिकन यांना पुंजांची कल्पना पटलेली नव्हती, पण तिची कसून परीक्षा त्यांनीच घेतली. हवा लागली की सोडियमचा पृष्ठभाग खराब होतो. म्हणून त्यांनी निर्वात नळीच्या आतच सुरी बसवली आणि बाहेरून चुंबकाच्या साहाय्याने ती चालवून दर वेळी धातूचा ताजा थर उघडा केला. वारंवारता आणि इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा यांचा आलेख सरळ रेषा निघाला. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात त्या रेषेच्या चढावरून प्लांकचा स्थिरांक मिळाला.

१९२३ मध्ये आर्थर कॉम्प्टन यांनी क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून ऊर्जा गमावतात, तेव्हा त्यांची तरंगलांबी वाढते हे दाखवले. १९२४ मध्ये ढाक्यात सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लांकचे सूत्र केवळ प्रकाशपुंजांच्या गणनेतून काढले. कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांना दिसलेला परिणामही याच हिशेबात बसतो. फोटॉन रेणूला जेवढी ऊर्जा देतो, तेवढ्या प्रमाणात त्याची वारंवारता उतरते.

वर्णपटाचा विस्तार पाहिला की या नात्याचे व्यावहारिक महत्त्व कळते. १०० मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीच्या फोटॉनपेक्षा जांभळ्या प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ७५ लाख पट असते. मोबाइलच्या लहरींचा फोटॉन रासायनिक बंध तोडू शकत नाही. अतिनील फोटॉन मात्र त्वचेतील डीएनएला इजा करतो आणि क्ष-किरणांचा फोटॉन अणूतून इलेक्ट्रॉन उखडतो. सौरपट्टीतील सिलिकॉनला किमान १.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन लागतो, म्हणून सुमारे ११०० नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबीचा प्रकाश तिच्यात वीज निर्माण करत नाही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही हे पडताळता येते. तांबडा एलईडी साधारण १.८ व्होल्टला उजळू लागतो, निळ्याला २.५ व्होल्टहून अधिक लागतात. वेगवेगळ्या रंगांचे एलईडी घेऊन वारंवारता आणि हे व्होल्ट यांचा आलेख काढला की त्याच्या चढावरून स्थिरांकाची ढोबळ किंमत मिळते.

आता ती किंमत मोजावी लागत नाही. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक ६.६२६०७०१५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात ज्यूल-सेकंद असा कायमचा निश्चित करण्यात आला असून किलोग्रॅमची व्याख्याही त्यावरच आधारलेली आहे.