कर्ज देताना पाणीही मोजा

मैत्रिणींनो, गटात कर्जाची मागणी आली की आपण काय विचारतो? आधीचं कर्ज फिटलं का, धंदा कोणता, हप्ता कशातून भरणार, घरच्यांना ठाऊक आहे ना. हे विचारायलाच हवं. पण एक प्रश्न इतिवृत्तात सहसा दिसत नाही: या धंद्याला पाणी किती लागणार आणि ते येणार कुठून? म्हैस, ऊस, भाजीपाला, रोपवाटिका, बोअर, मोटार, पाइपलाइन... आपली बरीच कर्जं शेवटी पाण्यावरच उभी असतात. पाऊस रुसला की हप्ताही रुसतो.

पाण्याचा हिशोब अवघड नाही. बचतीचं रजिस्टर लिहिणाऱ्या कुठल्याही ताईला तो जमेल. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की तो भरतो १०,००० लिटर. एकरात सांगायचं तर साधारण ४,००० लिटर.

आता समजा, आपल्या गावाचं शिवार १,००० हेक्टर आहे, म्हणजे जवळजवळ २,५०० एकर. वर्षाला पाऊस ६०० मिलिमीटर. एकूण पाणी झालं ६०० कोटी लिटर. आकडा ऐकून वाटतं, मग टंचाई कसली? पण त्यातलं पुष्कळ वाफ होऊन जातं, बरंचसं पिकं आणि गवत पितं, काही ओढ्याने निघून जातं. आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात जमिनीखाली मुरतं ते साधारण दहावा हिस्सा. म्हणजे ६० कोटी लिटर.

त्यातून आधी माणसांचं. २,००० लोकवस्ती, दर माणशी दिवसाला ५५ लिटर धरलं तर वर्षाला ४ कोटी. हजारभर गाई-म्हशींना प्यायला दिवसाला ६० लिटरप्रमाणे २ कोटींच्या वर. उरलं ५४ कोटीच्या आसपास. हे सगळं उपसता येत नाही, पण येतं असं धरून चालू.

उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं. पावसाचे ६०० वजा केले तरी १,४०० मिलिमीटर विहिरीतून किंवा बोअरमधून द्यायचे. एका एकराला ५६ लाख लिटर! म्हणजे शंभर एकरही ऊस होत नाही तोवर सगळ्या गावाचं जमिनीखालचं पाणी संपलं. तेच पाणी रब्बी ज्वारीला दोन पाळ्या म्हणून दिलं तर एकरी पाच लाख लिटर पुरतं, आणि हजार एकरांवर ज्वारी उभी राहते. ठिबक केलं तर उसाचं पाणी बरंच वाचतं, हे खरं. पण ठिबक बसल्यावर वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला, तर गावाच्या हिशोबात काहीच वाचलं नाही.

तुम्ही म्हणाल, उसाला कारखाना आहे, भाव ठरलेला आहे, ज्वारीला कोण विचारतं? बरोबर आहे. बाईने पैसा कमवू नये असं इथे कुणी सांगत नाही, आणि नुसत्या ‘पर्यावरण वाचवा’ने चूल पेटत नाही. पण ज्यांचा ऊस आहे ती घरं किती आणि उन्हाळ्यात टँकरपुढे हंडे लावणाऱ्या बाया किती, हेही त्याच रजिस्टरात लिहायला पाहिजे. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पुढे ५० डब्यांची गाडी धावू लागली, एका फेरीत साधारण २५ लाख लिटर. वरचा हिशोब लावून बघा: एक एकर ऊस अशा दोन गाड्यांहून जास्त पाणी पितो.

आणि निसर्गही आता पहिल्यासारखा नाही. ज्या मराठवाड्यात रेल्वेने पाणी आलं, तिथेच २०२५च्या सप्टेंबरात पुराने उभी पिकं आणि जनावरं नेली. पंधरा-वीस दिवस कोरडे जातात आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. असं पाणी मुरत नाही, माती घेऊन पळतं. म्हणून पावसाचा एकूण आकडा बघून निर्धास्त राहू नका.

बोअरचं कर्ज

सगळ्यात जपून द्यायचं कर्ज हे. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून जास्त भागाखाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. दोनशे फुटांना लागलं नाही म्हणून पाचशेला जायचं, यात नवीन पाणी मिळेलच असं नाही. कितीदा शेजारच्या विहिरीचंच खाली ओढलं जातं. राज्याच्या २००९च्या भूजल अधिनियमानुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल जायला मनाई आहे. गावोगाव काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. पण गटाचा पैसा तिथे घालण्याआधी हे माहीत असलेलं बरं. बोअर कोरडं गेलं तरी हप्ता कोरडा जात नाही, आणि त्यातून गटातल्याच दुसऱ्या ताईची विहीर आटली तर भांडण बैठकीत येतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने यावर गाव म्हणून तोडगा काढला. तिथे वर्षाला साधारण ४०० मिलिमीटरच पाऊस. पोपटराव पवार १९८९मध्ये सरपंच झाले, त्यानंतर माथा ते पायथा पाणी अडवायची कामं झाली. अशी कामं बऱ्याच गावांनी केली. हिवरे बाजारचं वेगळेपण पुढे आहे. शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. पाऊस कमी झाला तर आधी माणसं-जनावरं, मग त्या वर्षी कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. डोंगरावर मोकळी चराई बंद करून गवत कापून न्यायचा नियम केला, त्यातून चारा वाढला आणि दुधाचा धंदाही वाढला. माझं एक मत मात्र सांगते. चराईबंदी करायची तर ज्या भूमिहीन बाईच्या चार शेळ्या आहेत, तिचा चारा कुठून येईल ते आधी ठरवा. नाहीतर गाव हिरवं होतं आणि तिचा गोठा रिकामा.

गाव ऐकत नसेल तर?

तर घरापासून सुरू करा. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतरच्या कामातून उभी राहिलेली ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था धाराशिव, लातूर भागातल्या बायकांबरोबर ‘एक एकर’ शेती करते. बाई घरच्यांकडून अर्धा-एक एकर स्वतः कसायला मागून घेते आणि त्यात डाळी, ज्वारी-बाजरी, भाज्या असं मिसळून लावते. खत शेणाचं आणि गांडुळांचं. आधी घरात खायला, उरलेलं विकायला. एक पीक गेलं तरी दुसरं हाताशी लागतं, आणि कर्ज काढून खत-औषध आणलेलं नसल्याने बुडालं तरी कमी बुडतं. २०१६मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एकरभरात कुणी श्रीमंत होत नाही. पण किराण्याचा खर्च घटला की तोही गटाच्या हप्त्यातच जमा होतो. जमीन मागताना घरी कुरबूर होणारच. एकटीने मागण्यापेक्षा पाचजणींनी आपापल्या घरी एकाच आठवड्यात विषय काढावा.

गटाने करायचं ते एवढंच. पाऊस थांबला की ऑक्टोबरात गावातल्या चार-पाच विहिरींत दोरीला दगड बांधून सोडा आणि पाणी किती फुटांवर आहे ते लिहा. त्याच विहिरी जानेवारीत आणि एप्रिलमध्ये पुन्हा मोजा. मंडळाचा पाऊस सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा. कर्जाच्या अर्जावर ‘पाणी कुठून’ असा एक रकाना वाढवा. बोअरची मागणी आलीच, तर हे आकडे समोर ठेवून शेततळं, विहिरीतला गाळ काढणं, ठिबक किंवा शेळीपालन यांचाही विचार त्या ताईबरोबर करा. दोन वर्षांचे आकडे जमले की ग्रामसंघामार्फत ते ग्रामसभेत मांडा, गावचा विकास आराखडा ठरण्याआधी. तोंडी तक्रार सरपंच ऐकून घेतात. वहीतले आकडे बाजूला सारणं जड जातं.

ऑक्टोबरच्या बैठकीला लांब दोरी आणि टेप कोण आणणार, ते याच बैठकीत ठरवून टाका.