पडीक लहरींची मशागत

रात्री रेडिओची खुंटी फिरवीत असता दोन केंद्रे एकमेकांत मिसळून दोन्हीकडची गाणी नासावीत, हा अनुभव आमच्या पिढीस नवा नाही. असा गोंधळ टळावा म्हणूनच सरकार प्रत्येकास निराळा कंप्रतापट्टा नेमून देते. परंतु नेमून दिलेले शेत मालक नेहमी कसतोच असे नाही. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी 2014 साली हिशेब मांडला, तेव्हा 470 ते 590 मेगाहर्ट्झ या दूरदर्शनच्या पट्ट्यातील 15 वाहिन्यांपैकी 12 तरी देशात जवळजवळ सर्वत्र मोकळ्या आढळल्या. पुढे याच पट्ट्यातून पालघर जिल्ह्यातील खेड्यांत इंटरनेट पोहोचविण्याचा प्रयोगही झाला.

पडीक पट्टा हेरून तो वापरणारे व मालक येताच बाजूला होणारे जाणते रेडिओयंत्र ही कल्पना मिटोला व मॅग्वायर यांनी 1999 साली मांडली. पण मालक घरी असतानाच, त्यास उपद्रव न देता, त्याचे अंगण वापरता येईल काय? याचे एक उत्तर सहकारात आहे.

पाठविणारा दूर असला, की वाटेवरील चारपाच यंत्रे त्याचा निरोप झेलतात आणि एकदमच पुढे धाडतात. दोन समान लहरी एका तालात पोहोचल्या, तर एकीच्या चौपट शक्ती मिळते. एकीच्या शिखरावर दुसरीची दरी आली, तर दोन्ही लोपतात. प्रत्येक यंत्राने आपली लहर किती जोराने व किती मागेपुढे सोडावी हे गणिताने ठरविले, म्हणजे इष्ट ग्राहकयंत्रापाशी बेरीज होते आणि मालकाच्या ग्राहकयंत्रापाशी वजाबाकी.

मेख आहे ती येथेच. 600 मेगाहर्ट्झची लहर अवघी अर्धा मीटर लांब. तीत अर्ध्या लहरीची, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाहूनही कमी काळाची चूक झाली, की वजाबाकीची बेरीज होऊन बसते! शिवाय घरातील दूरदर्शन संच नुसता ऐकतो, बोलत नाही. तो कोठे आहे हे या यंत्रांस कळावे कसे? म्हणूनच अमेरिकेने 2010 च्या नियमांत यंत्राच्या कानावर विसंबण्याऐवजी मोकळ्या वाहिन्यांच्या नोंदवहीचा आधार घेतला.

आकाश कोणा एकाचे नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. खेड्यातील मुलास जगाशी जोडणारी लहर निजून राहावी, हे योग्य नव्हे. तथापि ज्याचा संच बंद पडेल, त्याची तक्रार आधी ऐकली जावी. शेजारधर्माचा हा जुना नियम लहरींच्या राज्यातही मोडता येणार नाही.