आधी स्प्रिंग मोजा, मग कॅम निवडा

छोट्या रेसिंग इंजिनावर पैसे घालायला निघालेला माणूस बहुधा कॅमशाफ्टपासून सुरुवात करतो, आणि बहुधा गरजेपेक्षा मोठाच कॅम घरी आणतो. लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो), ड्युरेशन (किती अंश उघडा राहतो) हे आकडे चारचौघांत सांगायला बरे वाटतात. व्हॉल्व्ह स्प्रिंगचं कौतुक कोण करणार? माझ्या मते मात्र इंजिन कोणत्या आरपीएमला राबणार ते आधी ठरवावं, त्याला पचेल तेवढाच कॅम घ्यावा आणि उरलेली सगळी हौस स्प्रिंगवर भागवावी.

ब्रिटिश मिनीचं ए-सिरीज इंजिन या बाबतीत मोठं बोलकं आहे. १९५१ साली ८०३ सीसीचं हे इंजिन ऑस्टिन ए३० मध्ये आलं, १९५९ साली ८४८ सीसीचं होऊन इसिगोनिसने आखलेल्या मिनीत आडवं बसलं आणि २००० सालापर्यंत बनत राहिलं. १९६४ची मॉन्टे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्कने जिंकली ती १०७१ सीसीच्या कूपर एसवर. कॅम ब्लॉकमध्ये, वर टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर, सगळा जुना थाट. अडचण आहे ती हेडमध्ये. सिलिंडर चार आणि इनटेक पोर्ट दोनच! १ आणि २चा एक, ३ आणि ४चा दुसरा.

फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे दोन नंबरने ओढायला घेतल्यावर क्रँक १८० अंश फिरतो न फिरतो तोच एक नंबरही त्याच पोर्टातून ओढू लागतो. इनटेक व्हॉल्व्ह २४० अंश उघडा राहणारा कॅम असेल, तर दोघं ६० अंश एकदमच ओढतात. मिनी बनवणाऱ्या बीएमसी कंपनीचा ‘६४९’ हा गाजलेला रेसिंग कॅम ३०० अंशांचा. त्यावर हीच ओढाताण १२० अंश चालते, चाळीतल्या सामाईक नळाला दोन बिऱ्हाडांनी एकाच वेळी हंडा लावावा तशी. काही कॅम बनवणाऱ्यांनी तर यावर तोड म्हणून आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरना वेगवेगळं टायमिंग दिलं. शिवाय इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला की कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण पिस्टन पुन्हा बाहेर ढकलतो. कॉम्प्रेशन न वाढवता असा कॅम टाकला, तर आयडलिंग बिघडतं, खालचा पिकअप जातो आणि वळणावळणाच्या रस्त्यावर साधी मिनी पुढे निघून जाते.

आपल्याकडे कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धेत कॉलेजची मुलं स्वतः बांधलेल्या गाड्या पळवतात. तिथे इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून यावी लागते. त्या भोकातून हवा ध्वनीच्या वेगाने जाऊ लागली की सेकंदाला साधारण ७४ ग्रॅमच्या वर मिळत नाही, कॅम कितीही मोठा घाला. ६०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन १२,००० आरपीएमला या मर्यादेला टेकतं. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९०च्या जुन्या ३७३ सीसी इंजिनाला ९,५०० आरपीएमला याच्या निम्मी हवाही पुरते; पण सिलिंडर एकच असल्यामुळे ते घोटाघोटाने ओढतं. म्हणून भोकाच्या मागे हवा साठवणारा मोठा प्लेनम हवा. कारखान्यातून आलेला कॅम आहे तसाच ठेवावा.

आता स्प्रिंग. कॅमच्या टोकावरून उतरताना टॅपेट कॅमला चिकटून राहायला हवा, आणि त्यासाठी लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६,०००चं इंजिन ८,०००वर न्यायचं तर पावणेदोनपटीच्या वर. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह हवेत तरंगतो, सीटवर आपटून उसळतो आणि नशीब फिरलं तर पिस्टनला भेटतो. या भीतीने लोक दुकानातली सगळ्यात कडक स्प्रिंग उचलतात. मग कॅमचं नाक आणि टॅपेट झिजतात, पुशरॉड लवतो आणि पैसे मोजून घेतलेलं टायमिंग व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. ठरावीक आरपीएमला स्प्रिंग स्वतःच थरथरू लागते, ते वेगळंच. म्हणून आत उलट्या वळणाची दुसरी स्प्रिंग घालतात. रेनॉने १९८६ साली फॉर्म्युला वनच्या इंजिनात स्प्रिंग काढून दाबाखालचा वायू वापरला, पण ती चैन आपल्या कामाची नाही.

तेव्हा अंदाजाने कडक स्प्रिंग घेण्याऐवजी आधी तिची जागा मोजा. नुसत्या व्हॉल्व्हला रिटेनर आणि कॉटर लावा, रिटेनर हाताने वर ओढून धरा आणि खालच्या बैठकीपासून रिटेनरच्या तळापर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजा. प्रत्येक व्हॉल्व्हचं वेगळं. व्हॉल्व्ह सीट वारंवार घासलेली असेल तर व्हॉल्व्ह आत बसतो, त्याची दांडी वर येते, अंतर वाढतं आणि नवीकोरी स्प्रिंगही सैल पडते. तिथे शिम घालायचा. याच अंतरातून लिफ्ट वजा केल्यावर कॉइल एकमेकींवर टेकायला निदान मिलिमीटरभर जागा उरली पाहिजे. मग व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये किती जागा उरते ते पाहायला पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा गोळा थापून हेड चढवायचं, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि हेड उतरवून तो गोळा ब्लेडने कापून त्याची जाडी बघायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण हे करणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नका.

मिनीसारख्या सपाट टॅपेटच्या इंजिनात नव्या कॅमबरोबर टॅपेटही नवेच घाला. डबल स्प्रिंग असेल तर इंजिन पहिल्यांदा चालवण्यापुरती आतली काढून ठेवा. कॅमला मॉलिब्डेनमची पेस्ट लावा, आणि इंजिन सुरू झालं की वीसेक मिनिटं २,०००च्या खाली येऊ देऊ नका.